उलटे काटे
कोशात ‘हार्पून’ शब्द दिसला, की मला भीमेच्या चिखलाचा वास येतो. मासा मिळाला तरच आमची चूल पेटायची, म्हणून बी.ए.चे पेपर आठवड्यावर आले असतानाही मी वडिलांबरोबर होडी घेऊन नदीत उतरले होते. मासा लागला समजून मी घाईनं पाण्यात हात घातला, आणि वडिलांनी पुन्हा मारलेला मासेमारीचा काटेरी भाला, म्हणजेच हार्पून, माझ्या उजव्या तळहातात घुसला. घाबरून मी तो उपसू लागले. “वडू नगंस! काटं उलटं हायती, मास घिऊन येतील!” वडील ओरडले. “आण्णा, पेपर कसं लिवू?” “आदी हात तर वाचू दे की, बालिष्टरीणबाई!” म्हणत त्यांनी टोक आरपार ढकललं. होडीतल्या कानशीनं त्यांनी पलीकडं आलेले काटे घासून काढले. मग दांडा मागं ओढला. त्याच हातानं मी सगळे पेपर लिहिले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.