खंडेनवमीचा शेंदूर आणि मामांचे ब्रेक

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात लेकीसाठी कंपासपेटी निवडत होते. ह्यांचा आवाज इतका हळू होता, की पुढचं ऐकायची गरजच पडली नाही… सव्वा महिना झाला त्याला. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘फार शांत माणूस’ म्हणतो. मला ते पुरत नाही. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, आपल्या गाडीचे ब्रेक अंगणात बसून स्वतः बदलायचे आणि सुनेलाही ते शिकवून गेले, हे कुणीतरी लिहायलाच हवं.

मामांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. पुढं ते चितेगावच्या एका कारखान्यात फिटर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या जुन्या गाडीनं गॅरेजचं तोंड क्वचितच पाहिलं असेल. ब्रेकचे पॅड झिजले, की मामा अंगणात पोतं अंथरायचे, मागच्या चाकांना दगड लावायचे आणि पुढचं चाक जॅकवर घ्यायचे. काम झालं, की एकटेच घाटातून खुलताबादला जाऊन यायचे. तोवर घरातल्या कुणी गाडीत बसायचं नाही, हा त्यांचा नेम. सासूबाई कधी सोबत निघाल्याच, तर म्हणायचे, “मेंढरं पान्यात घालायच्या आधी आपला पाय घालायचा असतो.”

लग्नानंतरची माझी पहिली खंडेनवमी. मामांनी पाने, पक्कड, हातोडी पुसून पाटावर मांडली होती आणि शेजारी नवे पॅड, दुसऱ्या दिवशी बसवायला. माझ्या माहेरी हत्यारांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात. मी हौसेनं सगळ्यांना लावला, पॅडांनाही. मग वाटलं, नव्या वस्तूचा रंग बिघडवला आपण. कुणी बघायच्या आत फडक्यानं घासघासून पुसले. लाली गेली. तेल आत मुरलं होतं, ते मला काय माहीत.

दसऱ्याला पॅड बसवून मामा दुपारी निघाले आणि सोनं वाटायची वेळ टळली तरी परतले नाहीत. अखेर गाडी माणसाच्या चालीनं फाटकाशी आली. उतारावर ब्रेक दाबला, की गाडी एकीकडं ओढत होती. पहिल्या गिअरमध्ये त्यांनी गाडी सगळा घाट उतरवून आणली होती. मी तिथंच रडत शेंदराचं कबूल केलं. आज या माणसाचा जीव गेला असता, एवढंच डोक्यात होतं. मामा बराच वेळ हात धूत राहिले.

“हत्याराला तेल चालतं बाई, पॅडला नाय चालत. उद्या नवे आणतो. ते तू बसवायचे.”

“मी?”

“व्हय. तेल लागल्यावर काय व्हतं ते आता तुझ्याइतकं कुणाला ठावं हाय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून त्या नव्या पॅडांची तीनदा काढघाल करून घेतली. त्यानंतर दर वेळी ब्रेक मीच बदलले. घाटात मात्र तेच जायचे, एकटे. मला ते खुपायचं. इतक्या वर्षांनीही यांना माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही, असं मी मनात धरून बसले होते.

यंदा आजारपणानं त्यांचं गाडी चालवणं सुटलं होतं. मी पॅड बदलले, पेडल पुन्हा पुन्हा दाबून घट्ट झालंय ना ते पाहिलं आणि एकटी निघाले, तर मामा काठी टेकत आले आणि शेजारचं दार उघडून बसले.

“मामा, आधी मी जाऊन येते. नेम तुमचाच आहे.”

“चल,” ते म्हणाले.

खुलताबादला आम्ही चहा घेतला. परतताना घाटातल्या पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, अलगद मंदावली. ‘बघितलं का’ म्हणायला मी वळले, तर मामा सीट मागं पाडून गाढ झोपले होते… दुसऱ्याच्या हाती गाडी असताना आयुष्यात कधी डोळा न मिटलेला माणूस! अभिमानानं माझा ऊर भरून आला. घाट संपेपर्यंत मी हॉर्न वाजवला नाही.

ती सीट अजून तशीच मागं पाडलेली आहे. ह्यांनी दोनदा सरळ करायला हात घातला. मी करू दिली नाही.