केपच्या मावशींची साक्ष

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात श्रद्धांजलीसाठी सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिले, की केपच्या मावशी खुर्चीत ठाण मांडून बसायच्या, आणि वर बोलायच्याही. "जन्मभर गोऱ्यांच्या सरकारनं गप्प बसवलं. आता इथे कॅनडात तुम्हीही तेच करता होय?" कॅनडातल्याच या केंब्रिज गावातल्या आम्हा सभ्य लोकांची पंचाईत व्हायची.

त्यांचे आजोबा रत्नागिरीहून केपटाऊनला गेलेले. गोऱ्यांचा बाक वेगळा, बस वेगळी, अशा राजवटीत मावशी वाढल्या आणि एका वकिलांकडे टायपिस्ट झाल्या. वकीलसाहेब तिथल्या सावळ्या लोकांच्या वस्तीचे पुढारी. एका सकाळी ऑफिसच्या पायरीवर त्यांना गोळ्या घातल्या. मावशींनी खिडकीतून मारेकरी पाहिला. आठवड्यापूर्वी झडती घ्यायला आलेलाच तो गोरा पोलीस. कोर्टात त्यांनी तसं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनं 'साक्षीदार विश्वासार्ह नाही' म्हणून खून कुणा अज्ञात चोराच्या नावावर टाकला. पाकीट, घड्याळ अंगावर जसंच्या तसं होतं, पण गोऱ्यापुढे सावळ्या बाईचं कोण ऐकणार! तो निकाल पुसला जावा, एवढंच मावशींना हवं होतं.

मीही काही कमी नाही. दिवाळी अंकासाठी त्यांनी ही आठवण लिहून दिली आणि मी, संपादिकाबाईंनी, 'पोलिसानं खून केला' खोडून 'दुःखद निधन झाले' असं छापलं. सणाचा अंक ना! मावशींचा फोन आला. "अगं, तू चांगल्या घरची मुलगी. त्या मॅजिस्ट्रेटची भाषा कुठे शिकलीस?" आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या वर्षी तिकडे चौकशी पुन्हा उघडली. मुलगा म्हणाला, "मॉम, लेट इट गो. युअर बीपी!" मावशी कडाडल्या, "बीपी त्यामुळेच आहे!" शेवटी त्याच्याच बेसमेंटमध्ये लॅपटॉप लावला आणि मी शेजारी बसले. पडद्यावरच्या सरकारी वकिलानं विचारलं, इतक्या वर्षांनी चेहरा नक्की आठवतो का? मावशी इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या, "हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही मानलं नाहीत. आता नीट लिहून घ्या."

फेब्रुवारीत मावशी गेल्या. निकाल मार्चमध्ये आला. मारेकरी तो पोलीसच होता, आणि तो कधीच म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात मेला होता. "चला, न्याय मिळाला," मंडळातलं कुणीतरी म्हणालं. कसला न्याय?

मुलानं निकालाचं पान माझ्यापुढे धरलं. साक्षीदार विश्वासार्ह आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. "शी ऑलवेज वॉज," तो म्हणाला. मावशी खरं बोलत होत्या हे मान्य करायला त्या कोर्टानं बाईचं अख्खं आयुष्य घेतलं, आणि वर आणखी पाच आठवडे.