दोरीची एसटी

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात कधी खाली बसलेच नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगत आलो. एसटीत कंडक्टर म्हणून दिग्रस-यवतमाळ करताना उभं राहायची जी सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. जेवण उभ्याने, चहा अंगणात येरझाऱ्या घालत; आमच्या लग्नात अक्षतासुद्धा त्यांनी मांडवभर फिरत टाकल्या.

गावात खाजगी शाळेची व्हॅन यायला लागली आणि मामांच्या पायाला आणखीच भिंगरी लागली. अंगणवाडीतली पोरं कमी व्हायला लागली होती. पट आणखी घसरला तर ही अंगणवाडी नाल्यापलीकडच्या गावाला जोडू, असं वरून आलेल्या बाईंनी सांगितलं होतं. मग तांड्यावरच्या एवढ्या एवढ्या पोरांनी पावसाळ्यात नाला ओलांडायचा कसा? मामांनी घरातला जुना कासरा काढला, हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि गाठीमागे एक पोर अशी गाडीच सुरू केली. व्हॅनच्या आधी दहा मिनिटं शिट्टी वाजायची. "समोर सरका, समोर सरका! मांगं तांड्याचे पॅसेंजर हायेत!" एकदा मोजदादीत त्यांनी शेळीचं पिल्लूही धरलं आणि अंगणवाडी येईपर्यंत उतरवलं नाही.

नुसती पोरं पोचवून गप्प बसतील तर ते मामा कसले! खिचडी स्वतः चाखायची, मग खिडकीत उभं राहून शिकवणं ऐकायचं. "ताई, हे गानं कालबी होतं. एकाच ठेसनावर गाडी कितीक दिवस उभी ठेवता?" अंगणवाडीच्या ताई आधी वैतागल्या, मग इरेला पेटून नवी गाणी बसवायला लागल्या, चिंचोके मांडून मोजायला शिकवायला लागल्या. आमची चार वर्षांची पोरगी घरातल्या वाट्या मोजत सुटली. "मामा, अंगणवाडी टिकलीच पाहिजे," असं मी रोज म्हणायचो. आणि जूनमध्ये गुपचूप जाऊन पोरीचं नाव व्हॅनच्या शाळेत घातलं. शेजाऱ्यांची पोरं इंग्रजी बोलतील आणि आपली चिंचोके मोजत राहील, या भीतीने.

पहिल्या दिवशी पोरगी टाय लावून फाटकात उभी होती. मामा नेहमीसारखे दोरी घेऊन आले, मागे सहा पोरं. तेवढ्यात व्हॅन आली. पोरगी पायरीवर अडली आणि मामांकडे पाहू लागली.

"जाय माय, गाडी खोळंबते," मामा म्हणाले. त्यांनी दार लावलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. व्हॅन गेली.

मग मामा आमच्या ओट्यावर बसले. मला माझीच फार लाज वाटली.

"मामा, पाणी आणू?"

"नाई. जवाईबापू, आज गाडी तुमीच न्या. माहे पाय दुखून राह्यले."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. मी दोरीचं टोक धरलं. सगळ्यात पुढची गाठ रिकामी होती. रोज ती माझ्या पोरीची असायची.

"काका, शिट्टी?" मागून एक चिमुरडी म्हणाली.

मी शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकर काही निघेना.