उघडून राह्यलं

झटका आला आणि बांची मराठी गेली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, ते तर डोळ्यांना दिसतच होतं. पण मराठी गेल्याचं आम्हाला दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं. बा, म्हणजे माझे वडील, जन्मभर यवतमाळच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पोरांचे कान पिळायचे. आता भेटायला आलेल्या शेजाऱ्याला "या, बसा" म्हणता येईना. उरली ती तांड्यावर शिकलेली आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, तीही तुटक-तुटक. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. असं म्हणायला डॉक्टरांचं काय जातं!

आई आधीच गेलेली. मी लॅपटॉप उचलला आणि पुण्याहून घरी आले. घर कॉलनीतलं, आसपास गोरबोली समजणारं एकही माणूस नाही. बांना सांभाळायला एक बाई ठेवली. कामाला चांगली, स्वभावानंही बरी. पण आठवडा व्हायच्या आत पदर खोचून माझ्यापुढे उभी. "तुमचे बाबा मले दिवसभर येडी म्हणून राह्यले. म्या काय बिघडवलं त्यायचं?"

बा 'याडी' म्हणत होते. आमच्यात याडी म्हणजे आई. माणूस दुखलं-खुपलं की आईलाच हाक मारणार ना! बाईला परोपरीनं समजावलं, पण तिच्या मनातून 'येडी' गेली नाही आणि ती गेली. दुसरीला पहिल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं. ती म्हणाली, "आई म्हणो का येडी म्हणो, त्यायले पायजे काय थे मले समजतच नाही." हेही खरंच होतं. तिनंही काम सोडलं. म्हणजे बांच्या जवळ राहायचं तर मीच राहायला हवं, दुसरा इलाज नव्हता.

पुण्यातली आमची कंपनी छोटी. सर, म्हणजे माझे वरिष्ठ, मला घरून काम करू देऊन आधीच कंटाळलेले. त्यात कापूस खरेदी करणाऱ्या एका संघाचं काम आलं. त्यांना ॲप हवं होतं, आणि ते जिल्ह्यातच ठेवलेल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, चाललेलं पाहायचं होतं. मी लगेच म्हटलं, मी जिल्ह्यातच आहे, मी करते. सर म्हणाले, "करून दाखवलंस तर पुढेही तिथूनच कर. नाही जमलं तर सोमवारपासून पुण्यात ये." वाटाघाटीला त्यांनी जागाच ठेवली नाही.

बांच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत मी जुनी मशीन मांडून क्लस्टर उभं केलं. क्लस्टर म्हणजे फार काही नाही. ॲपचे तुकडे, प्रत्येक तुकडा आपल्या गरजेच्या सामानासकट एका डब्यात बंद. असे डबे चार मशीनवर वाटून ठेवायचे आणि एक पडला की दुसरा आपोआप उभा राहील अशी व्यवस्था लावायची. आतल्या आत हे डबे एकमेकांशी मजेत बोलतात. बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचं म्हटलं की मात्र दारामागून दार उघडत जावं लागतं. डब्याचं दार, क्लस्टरचं दार, घरच्या राउटरचं दार. मी सगळी उघडली. माझ्या मोबाइलवर ॲप झटकन आलं, पण तो घरच्याच वायफायवर होता, आणि वायफाय बंद केलं तर आमच्या घरात मोबाइलचं नेट येत नाही. म्हणून नेर गावी फोन लावला. तिथे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं मेडिकल आहे. लिंक पाठवली आणि विचारलं, उघडतंय का?

"हाव वो, उघडून राह्यलं," ती म्हणाली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

मी सरांना कळवलं, झालं. त्यांनी संघाच्या लोकांना दुपारी चारची वेळ दिली. मी बांना खिचडी भरवली, त्यांची मिशी पुसली, आणि कित्येक दिवसांनी मीही बसून जेवले.

हात धुते न धुते तोच सरांचा फोन. "पुण्यातून काहीच दिसत नाहीये."

मैत्रिणीला फोन लावून ओरडलेच, "तू म्हणालीस ना उघडलं म्हणून?"

"उघडलं मी कधी म्हटलं वो? उघडून राह्यलं म्हटलं. आताबी उघडूनच राह्यलं. थे चक्कर फिरून राह्यली ना गोल गोल!"

चूक तिची नव्हतीच. पुण्यात कुणी 'उघडतंय' म्हटलं की समजायचं, चालतंय, काम झालं. इतकी वर्षं तिकडे काढून माझा कान तसाच झाला होता. अपूर्ण वर्तमानकाळ, क्रिया चालू आहे, संपलेली नाही: हे बांनी माझ्याकडून जेवायच्या ताटावर घोकून घेतलं होतं. ते शेजारच्याच खोलीत पडले होते, आणि आता त्यांनाच काळ सांगता आला नसता.

मग मी वेड्यासारखी सुटले. डबे पाहिले, जिवंत. आतून विचारलं, उत्तर येत होतं. क्लस्टरचं दार पाहिलं, उघडं. फायरवॉल बंदच करून टाकली, तरी चक्कर फिरतेच आहे. दार पाडून पुन्हा बसवायला गेले तर जे आतून चालत होतं तेही बंद पडलं. आगीतून फुफाट्यात. ते कसंबसं परत उभं केलं. मध्येच बांनी पाणी मागितलं. धावत गेले, पाणी दिलं, अर्धं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, तसंच सोडून पळत आले. सरांचे मेसेज येत होते. एकेका मेसेजमध्ये मला पुण्याची खोली दिसत होती आणि इथे या पलंगाशेजारी कुणी तिसरी बाई, जिला बा काही सांगताहेत आणि जी नुसती मान हलवते आहे. मी रडत रडत टाइप करत होते. कमांड चुकत होत्या, मी मलाच शिव्या देत होते, मशीनलाही देत होते. देवही पाण्यात घालून झाले असते, पण उठायला वेळ नव्हता.

शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, राउटर स्वतःचा पत्ता काय सांगतो ते पाहिलं. मग बाहेरच्या जगाला आमचा कोणता पत्ता दिसतो ते पाहिलं. दोन्ही वेगळे! इंटरनेटवाल्यानं आख्ख्या कॉलनीला मिळून एकच पत्ता दिला होता. बाहेरून येणारा त्याच्या दारापर्यंत यायचा आणि कोणत्या घरात जायचं हे न कळून तिथेच उभा राहायचा. मी माझी दारं उगाचच पाडत बसले होते.

इंटरनेटवाल्याला फोन केला. "सेपरेट पत्ता भेटते ना मॅडम. अर्ज टाकून द्या, दोन-चार दिवसात होऊन जाईन."

दोन-चार दिवस! मी फोन आपटला. मग डोकं जरा ताळ्यावर आलं. बाहेरच्याला आत येता येत नाही, पण आतल्याला बाहेर जाता येतंच की. मुंबईत एक मशीन भाड्यानं घेतलं, घरातून त्याच्यापर्यंत एक वाट काढली आणि ती धरून ठेवली. लोक त्या मशीनवर येतील आणि त्याच वाटेनं आमच्या घरात शिरतील. नेरला पुन्हा फोन केला. या वेळी मी फक्त तिच्या क्रियापदाची वाट पाहत होते.

"उघडलं! उघडलं वो माय!"

चार वाजायला आले होते. कुकर, रस्ता, शेजारचा टीव्ही, काहीच ऐकू यायला नको म्हणून हेडफोन कानांवर चढवला आणि मीटिंगला बसले. संघाचे लोक खूश झाले. त्यांनी हे दाखवा, ते दाखवा केलं, मीही उत्साहानं दाखवत गेले, नको तेही दाखवलं. सगळे गेल्यावर सर म्हणाले, "ठीक आहे. तिथूनच कर. पुण्याचं आता डोक्यातून काढ."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हे सांगायला धावतच बांच्या खोलीत गेले.

बा पलंगाच्या कडेला आले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. चादर, लुंगी, गादी, सगळं ओलं. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. किती वेळ हाका मारत होते कोण जाणे. मधली भिंत अर्ध्या विटेची, दारही उघडंच होतं.

मी त्यांना वर ओढून घेतलं, पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. आणि गोरबोलीत सांगत राहिले, बा, मी कुठे जात नाही, मी आता इथेच आहे. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रात्रीपर्यंत काही मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही.