अण्णाची जपानी

के. आर. पुरम स्टेशनातून आलेला माणूस दारात उभा राहिला, तेव्हा मी दोशाचं पीठ ढवळत होते. रविवार होता. अण्णा, माझा थोरला भाऊ शंकर, फलाटावरच्या बाकावर बसल्या बसल्याच गेला होता. खिशात बंगारपेटचं तिकीट सापडलं. बंगारपेटला आमचं कोणी नाही. पण अण्णाला रविवार घरात काढवत नसे. कुठलं तरी तिकीट काढायचं, उतरल्यावर कॉफी प्यायची आणि पुढच्या गाडीने परत यायचं. “काय मिळतं रे तुला?” असं विचारलं की म्हणायचा, “तेवढा वेळ कुठे तरी निघालोय असं वाटतं, इंदू.”

लढाईच्या दिवसांत सैन्याने त्याला जपानी शिकवली. ब्रह्मदेशात पकडलेल्या जपानी शिपायांना प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. लढाई संपल्यावर दिल्लीतल्या एका दालनात बसून त्याने वर्षानुवर्षं पूर्वेकडचे नकाशे, वर्तमानपत्रं, अहवाल वाचले. जपानमधल्या कुठल्या बंदरात किती पाणी असतं हे त्याला पाठ होतं, आणि बसवनगुडीत आमच्या मागच्या गल्लीत कोण राहतं हे माहीत नव्हतं. छप्पनच्या सुमारास तो कॅप्टन म्हणून सैन्यातून बाहेर पडला आणि ट्रंक घेऊन माझ्याकडे आला. मी शाळेत शिकवत होते, एकटीच राहत होते. म्हटलं, राहा.

मग सुरू झाली ती नोकऱ्यांची येजा. विमा कंपनी, सिनेमागृहाची मॅनेजरी, रेशमाच्या गिरणीत देखरेख... कुठेही वर्ष पुरं झालं नाही. एका मुलाखतीत साहेबाने त्याचे कागद चाळून विचारलं होतं, “जपानी? आमच्याकडे त्याचं काय करू? टायपिंग येतं का?” अण्णा ते हसत हसत सांगायचा, पण त्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी सायकलवरून शहराबाहेर, होसकोट्याच्या वाटेला लागायचा आणि घामाघूम होऊन परतायचा. जेवताना पाय हलत राहायचा. मी चिडायचे, “अण्णा, स्वल्प बस रे एका जागी!” तो “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणायचा आणि ताट घेऊन उभ्यानेच जेवायचा.

साठ सालानंतर शहराबाहेरच्या एका कारखान्यात जपानी यंत्रं आली, आणि ती बसवायला तीन जपानी इंजिनियर. कारखान्याला दुभाषा हवा होता. अण्णा इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. नवा कोट शिवला, रात्रभर शब्दकोश उघडून बसला.

पहिल्याच दिवशी दुपारी बाराला तो घरी परतला. कोटासकट स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “मी ही नोकरी सोडतोय.”

झालं होतं ते असं. अण्णाने तिघांपैकी सर्वांत वयस्क माणसाला, हायाशींना, नाव विचारलं. इतक्या वर्षांनी तोंडातून निघाली ती कैद्यांच्या छावणीतली जपानी. नाव काय? गाव कुठलं? काम काय? शिपायाला दरडावून विचारावं तशी. पन्नाशीच्या त्या गृहस्थाने टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले, नाव सांगितलं, आणि नावामागोमाग एक आकडा.

“कैद्याचा आकडा होता तो, इंदू. त्यांच्याही लक्षात आलं. मी तसाच बाहेर पडलो.”

“मग उद्या जा आणि माफी माग.”

“कुठल्या शब्दांत? पुस्तकात वाचलेत ते शब्द. तोंडाने कधी म्हटलेले नाहीत.”

मी होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, केल्या आणि डबा त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो गेला. काय बोलला ते सांगितलं नाही, पण डबा रिकामा आणला. त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा हायाशींकडे शिकायला जाऊ लागला. ते म्हणायचे, “शंकर-सान, तुम्ही चहा हवा का विचारलंत, तरी मला वाटतं आता झडती होणार.” चाळिशी ओलांडलेला माझा भाऊ घरी येऊन साधी वाक्यं घोकायचा. बसा ना. दमलात का? घरची माणसं कशी आहेत? ही नोकरी त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

तो शांत झाला असं मात्र मी म्हणणार नाही. हायाशी मायदेशी परतण्याच्या आदल्या आठवड्यात अण्णाने त्यांना अखेर विचारलं, की तुम्ही कुठल्या छावणीत होतात? त्यांनी एका नदीकाठच्या गावाचं नाव घेतलं. अण्णा तिथे दोन महिने होता.

“मी म्हटलं, कदाचित मीच तुम्हाला प्रश्न विचारले असतील. ते म्हणाले, तापात होतो, चेहरे आठवत नाहीत. एक माणूस प्रश्नांआधी पाणी द्यायचा, तेवढं आठवतं.” अण्णा खिडकीपाशी गेला, परत आला. “इंदू, मी पाणी द्यायचो का ग?”

मी तिथे नव्हते. “दिलं असशील,” म्हटलं.

“असशील नको. मला आठवत नाही.”

पुढे कित्येकदा, भाजी चिरताना, बसची वाट पाहताना, तो मधेच थांबायचा आणि मला कळायचं की तो त्या छावणीत जाऊन शोधतोय.

अण्णा गेल्यावर मी हायाशींना इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. मागच्या सोमवारी उत्तर आलं. पातळ कागदाची पाच पानं, वरपासून खालपर्यंत जपानीत. इंग्रजीत एकच ओळ आहे: हे मला माझ्याच भाषेत लिहावंसं वाटलं, क्षमा करा. पत्राचं कळल्यावर कारखान्यातल्या लोकांनी निरोप पाठवला की पत्र द्या, नव्या दुभाष्याकडून वाचून घेऊ. दोनदा मी ते पिशवीत घालून कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. सध्या ते अण्णाच्या टेबलावर, त्याच्या चष्म्याखाली ठेवलं आहे. एवढ्यात देणार नाही. या घरात जपानी टपाल त्यालाच वाचता येत होतं. आधी काही दिवस ते त्याच्याजवळ राहू दे.