लाइट गेल्यावर वाजणारा फोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे हॅलोताई म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि बहुधा तेवढ्यापुरतंच उरलं होतं. अकरा वर्षं ती एकाच टेबलाशी, एकाच फोनपाशी बसत होती. एकशे चाळीस लिफ्टमध्ये त्या फोनचा नंबर चिकटवलेला होता आणि अडकलेला माणूस आधी तिच्या कानात घाबरायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं, हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. एका काकांनी तर अडकल्याअडकल्या तिला तिन्ही जावयांची गाऱ्हाणी ऐकवली होती. दार उघडलं तेव्हा मेकॅनिकला म्हणाले, "थांबा हो जरा, धाकट्याचं राहिलंय."

यंदा टेलिफोन कंपनीने कळवलं, जुनी तार बंद होणार, इंटरनेटवरचा फोन घ्या. हॅलोताईची हरकत नव्हती. तारेशी तिचं काही लग्न लागलेलं नव्हतं. प्रश्न होता कोणता घ्यायचा याचा.

नवी सेवा विकायला आलेल्या गृहस्थाने तीन योजनांचा कागद टेबलावर पसरला. धाकट्या मालकांनी पहिल्या, सगळ्यात स्वस्त योजनेवर बोट ठेवलं. वडिलांनी कारभार हातात दिल्यापासून त्यांचं बोट नेहमी तिथेच जायचं. तिसऱ्या योजनेत बॅटरी होती, शिवाय इंटरनेट तुटलं की येणारा फोन आपोआप मोबाइलवर वळायची सोय. ती अडीचपट महाग होती.

"लाइट गेली तर पहिलीतला फोन वाजेल?" हॅलोताईने विचारलं.

"ताई, हल्ली लाइट जाते कुठे?" गृहस्थ म्हणाला.

"जाते तेव्हाच तर लिफ्ट अडकतात."

धाकटे मालक हसले. "हॅलोताई, तुम्ही फोन उचला. कुठला घ्यायचा ते आम्ही बघतो."

पहिली योजना आली. फोन काळा, गुळगुळीत, आवाज अगदी स्वच्छ. तेवढं श्रेय तिने त्याला दिलं.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला अर्ध्या शहराची लाइट गेली. पंखा गरगरत थांबला आणि फोनवरचा हिरवा दिवा विझला. एरवी अशा वेळी दोन मिनिटांत तिच्या टेबलावर घंटीवर घंटी सुरू व्हायची. आज काहीच नाही.

"बरं झालं, जरा शांतता," पलीकडच्या टेबलावरचा कारकून म्हणाला.

हॅलोताईने इमारतींची वही ओढली, स्वतःचा मोबाइल काढला आणि एकेका रखवालदाराला फोन लावायला सुरुवात केली. "लिफ्टचं दार वाजवा. नुसतं बघून येऊ नका, वाजवा. आतून कुणी बोलतं का ऐका."

सतराव्या इमारतीत आतून उत्तर आलं. शिवलेले कपडे पोचवायला आलेली एक शिंपीणबाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं लटकली होती. बाईला दमा, आणि दम्याचा पंप घरी राहिलेला. हॅलोताईने धाडलेल्या मेकॅनिकने तिला ओढून बाहेर काढलं, जिन्यात बसवलं, पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर बाईने मेकॅनिकचा मोबाइल मागून घेतला आणि हॅलोताईला लावला.

"एकोणीस वेळा लावला हो तुमचा नंबर," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमची कंपनीच उठून गेली."

हॅलोताईने वहीत त्या इमारतीपुढे एकोणीसचा आकडा लिहून ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला तिचा चेहरा बघूनच कळलं की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस," तो म्हणाला. "घर तुझ्या पगारावर चाललंय."

"मासा कसला तो," ती म्हणाली. "त्याला पोहता कुठे येतंय."

सकाळी ती धाकट्या मालकांच्या खोलीत गेली तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. "निघाली ना ती बाई बाहेर?" ते म्हणाले. "झालं तर मग. कशाला राईचा पर्वत करताय?"

हॅलोताई आपल्या टेबलापाशी आली. फोनची वायर उपटली, त्याच्याचभोवती गुंडाळली आणि तो नेऊन त्यांच्या कागदांवर ठेवला.

"यावर मी बसणार नाही."

"दुसरं कुणी बसेल."

"बसवा की. पण आजच्या आज सगळ्या लिफ्टमध्ये पाटी लावा, की लाइट असेल तरच अडकावं. आणि खाली सही तुमची करा, माझी नको."

दारात दोन मेकॅनिक हत्यारांच्या पिशव्या खांद्याला लावून उभे होते. निघायची वेळ टळली होती, तरी हलले नाहीत. धाकट्या मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तिसरी योजना घेतली तर खर्च कुठून काढायचा? तुमच्या यंदाच्या पगारवाढीतून काढू?"

आता ही गप्प बसेल, असं त्यांना वाटलं होतं. पोरीच्या कॉलेजचं वर्ष तिच्या डोळ्यांपुढून सरकलंही.

"काढा," ती म्हणाली. "पण तसं लिहून द्या. पुढच्या वर्षी तुम्ही विसराल, मी विसरणार नाही."

त्यांनी लिहून काही दिलं नाही. तिसऱ्या योजनेच्या कागदावर मात्र सही केली, पेन जरा जोरातच दाबून. "झालं समाधान? आता नवा येईपर्यंत तरी हा फोन परत लावा."

"लावते. पण त्याच्या भरवशावर नाही. माझ्या मोबाइलचा नंबर घातलेल्या चिठ्ठ्या सकाळीच छापून घेतल्यात. हे दोघे त्या सगळ्या लिफ्टमध्ये लावायला निघालेत." तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "हे छपाईचं बिल. पेन उघडंच आहे तर यावरही सही करून टाका."