आडवा कर

माझा मेव्हणा मार्शल याला मी कधी शांत बसलेला पाहिलेला नाही. जेवतानासुद्धा टेबलाखाली त्याचे पाय कुणाला तरी लाथ घालत असतात. वसईत चर्चच्या सणाला गावागावांचे फुटबॉलचे सामने व्हायचे, त्यात हा वाढला. गोल कमी व्हायचे, डोकी जास्त फुटायची. त्याचं नाक तिथेच मोडलं, उजवा गुडघा तिथेच कामातून गेला. गुडघा फोडणाऱ्याचे पुढचे दोन दात आपण लंगडत जाऊन कसे पाडले, हे तो मुलांच्या वाढदिवसालासुद्धा हसत सांगतो. मला तेव्हा त्याचेच दात पाडावेसे वाटतात.

मेलबर्नला आल्यावर काही वर्षं गोदामात खोके उचलून तो डँडेनॉन्गच्या एका कॉलेजात कोच झाला. इथे हायस्कूललाही कॉलेज म्हणतात. पोरं अफगाण, सुदानी, व्हिएतनामी. जो घाबरून पाय मागे घेई त्याच्या तोंडावर मार्शल जवळून बॉल हाणायचा. रक्त आलं की म्हणायचा, "नो वरीज मेट, पुस इट." पोरांना त्याने तीनचार मराठी शब्द घोटून घोटून शिकवले होते, म्हणजे रेफरीला पत्ता लागायला नको. त्यातला मुख्य हुकूम "आडवा कर!" तो ऐकला की बॅकला खेळणारा पोरगा बॉल सोडून समोरच्याच्या पायात घुसायचा. एका सीझनमध्ये एक जबडा आणि दोन खांद्यांची हाडं गेली. टीम जिंकत होती, म्हणून सगळे गप्प.

माझी बहीण लविना, म्हणजे त्याची बायको, याच्या अगदी उलट. मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून तिने हट्टाने ग्लेन वेव्हर्लीत भाड्याचं घर घेतलं. मुलगा गॅविन तिथल्या शाळेकडून खेळू लागला. पण त्याला खेळ शिकवला बापानेच, घराच्या मागच्या अंगणात, लहानपणापासून. तिथेही हेच. मार्शल ओरडायचा, "आडवा कर!" आणि एवढंसं पोर बापाच्याच नडग्यांवर तुटून पडायचं. बाप लोळायचा आणि खूश होऊन त्याला मिठी मारायचा. शनिवारी दोघांचे सामने वेगवेगळ्या मैदानांवर असत. बाप हेच शब्द दुसऱ्या पोरांनाही शिकवतो, हे गॅविनला ठाऊकच नव्हतं.

गेल्या वर्षी फायनलला या दोन शाळाच समोरासमोर आल्या. जिंकला तर मार्शलची नोकरी कायम होणार होती. मी आणि लविना कुंपणापाशी उभे होतो.

एक-एक बरोबरी. शेवटची मिनिटं. गॅविन बॉल घेऊन सुटला, समोर फक्त हमीद, मार्शलच्या टीमचा बॅक. मार्शलच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला कुंपणापासूनही दिसल्या.

"आडवा कर!"

हमीद झेपावला. पण गॅविनने बापाचा आवाज ऐकला होता. त्याने बॉल सोडला आणि बुटाच्या खिळ्यांनिशी हमीदच्या नडगीवर उडी घेतली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. हमीदचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. तो किंचाळला आणि दोन्ही टीम एकमेकांवर धावून गेल्या. कुणाचा ओठ फाटला, कुणाच्या भुवईतून रक्त. गॅविनला खाली पाडून तिघं तुडवत होते. मार्शलने त्यांना कॉलर धरधरून फेकलं आणि पोराच्या अंगावर स्वतः पालथा पडला. लाथा त्याच्या पाठीत बसल्या.

चौकशी लागली. पंचांच्या टेबलासमोर सुजलेल्या तोंडाने गॅविन म्हणाला, "डॅड टोल्ड मी टू. ही वॉज हेल्पिंग मी."

बोलताना त्याच्या डोळ्यांत चक्क अभिमान होता. नोकरी पणाला लावून बापाने आपली बाजू घेतली, अशीच त्याची समजूत.

पंच हसले. कोणता कोच आपलाच खेळाडू मोडायला सांगेल? पोरगा खोटं बोलतोय, वर बापावर ढकलतोय. याचा खेळ कायमचा बंद करायला हवा.

लविना मार्शलकडे बघत होती. हा आता मूग गिळून बसणार, या खात्रीने मी मुठी आवळल्या होत्या. तो उठला.

"तो खोटं बोलत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "मी ओरडलो. पण त्याला नाही. हमीदला. माझ्या मुलाला आडवा कर, म्हणून."

मला त्याचा इतका राग आला आणि त्याच क्षणी त्याची इतकी कीव आली, की मुठी तशाच राहिल्या.

गॅविन थोडक्यात सुटला. मार्शलला कॉलेजने त्याच आठवड्यात काढलं, आता कुठलीच शाळा त्याला दारात उभं करणार नाही.

चौकशी संपली त्या दिवशी पार्किंगमध्ये मार्शलने आपल्या गाडीचं दार उघडून धरलं होतं. गॅविन त्याच्यासमोरून चालत आला आणि माझ्या गाडीत बसला.

"मामा, ही मेंट मी?"

"हो," मी म्हणालो.

त्याने पट्टा लावला. हे पोर आजवर मला कायम इंग्रजीत उत्तर देत आलं होतं.

"चल ना, मामा," तो समोर बघत म्हणाला. "लवकर चल."